एकतीस पोपटी चाळण्या

सोसायटीने मला पर्यावरणप्रमुख नेमलं तेव्हा मी सायखेड्याला भावाकडे होते. आमच्याकडे पदवाटपाची रीतच तशी आहे. मीटिंगला जो हजर असतो त्याला चहा-सामोसा मिळतो, आणि जो गैरहजर असतो त्याला पद. परत आले तर लिफ्टशेजारच्या फळ्यावर माझं नाव, त्यापुढे 'सुका कचरा', आणि कुणीतरी हौसेने काढलेलं एक हिरवं पान. बँकेत तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईच्या नशिबी निवृत्तीनंतर एवढा मानसन्मान असेल असं मला वाटलं नव्हतं.

काम मात्र मी मनावर घेतलं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले की हल्ली माणूस कुठल्याही विषयात तज्ज्ञ होतो, तशी मी आठवडाभरात झाले. मग गच्चीवर बायकांना जमवून व्याख्यान दिलं. माणूस जातो, प्लास्टिक जात नाही, हे माझं वाक्य सगळ्यांना फार आवडलं. एकीने तर ते लिहून घेतलं आणि वहीला प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलं. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी तेव्हाही लटकत होती. ती कुठल्या नाशिककर घरात नसते? लोका सांगे ब्रह्मज्ञान, या म्हणीवर आमच्या गंगापूर रोडवरच्या निम्म्या सोसायट्या उभ्या आहेत.

आमचा सुका कचरा प्रत्यक्षात सांभाळायची एक बाई. पार्किंगच्या मागे, पंपाच्या खोलीजवळचा कोपरा तिचा. आठवड्यातून दोनदा यायची, पोती अंथरायची आणि निवडत बसायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. ज्या बाईचं नाव विचारायचे कष्ट घ्यायचे नसतात तिला आपण मावशी करून टाकतो, आणि नातं जोडल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतो.

पद मिळाल्यावर मी पहिल्यांदा तिला शिकवायला गेले. डब्याच्या बुडाशी एक त्रिकोण असतो, त्यात आकडा असतो, त्यावरून प्लास्टिकची जात ओळखायची, असं मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ढिगातून एक पिशवी उचलली, कानाशी नेऊन चुरगाळली, एका पोत्यात टाकली. दुसरी चुरगाळली, दुसऱ्या पोत्यात टाकली. मला दोन्हींचा आवाज सारखाच आला.

"आकडा कधी खोटा बी असतोय ताई," ती म्हणाली, "आवाज नसतोय खोटा."

तिचं सोसायटीकडे मागणं एकच होतं. दुधाची पिशवी फोडताना कोपरा कापून टाकू नका, नुसती चीर द्या. पिशवी धुऊन तिच्या हाती येते, पण तो बोटाच्या पेराएवढा कोपरा सिंकमधून मोरीत, मोरीतून गटारात जातो आणि पुन्हा कुणाच्याच हाती लागत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कात्रीने कोपरा उडवायची सवय. दर घरी रोज एक-दोन कोपरे. मी सुचवल्यावर सर्वांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपरे उडवले.

एकदा मी तिच्याबरोबर टेंपोत बसून, ती माल विकायची त्या अंबडकडच्या गाळ्यावर गेले. आपण ज्यावर भाषणं देतो ती गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढी लाज मला होती. गाळा म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर पोत्यांच्या थप्प्या, आणि प्रत्येक पोत्यावर खडूने वळणदार अक्षरात आतल्या मालाचं नाव. आत तीन-चार बायका मावशीसारख्यांनी निवडून आणलेलं पुन्हा निवडत होत्या. मग यंत्रात त्याची भरड होते, डाळ भरडावी तशी. भरड हौदात टाकतात. दुधाच्या पिशव्या, बादल्या, डबे यांची भरड तरंगते, पाण्याच्या बाटल्यांची बुडते, आणि पुढे दोघींची वाट वेगळी होते. धुऊन वाळवलेला माल तापवला की जाळीतून त्याच्या लांबच लांब दोऱ्या बाहेर पडतात. बायकांनी सोऱ्यातून शेव पाडावी तसं ते दिसतं. दोऱ्या पाण्यातून ओढून त्यांचे तुकडे करतात, त्याला दाणा म्हणतात, आणि त्या दाण्यापासून पुन्हा बादल्या, कुंड्या, ठिबकच्या नळ्या होतात.

मला वाटत होतं, सगळं अवघड काम यंत्र करतं. गाळेवाल्याने माझा तो भ्रम लगेच दूर केला.

"यंत्राला काय कळतंय मॅडम? एका घाण्यात वेफर्सची चार पाकिटं गेली, की दोऱ्या तटातट तुटत्यात. त्या पाकिटाला आतून चांदी असती, ती काय निघत नाय. आख्खा घाणा वाया. निवडणारी बाई चुकली, की आपण बुडालो."

शिवाय दुधाची पिशवी पुन्हा दुधाची पिशवी होत नाही, हेही तिथेच कळलं. दर तापण्यागणिक प्लास्टिक थोडं कमी कुवतीचं होतं. पिशवीची नळी होते, नळीची पुन्हा काहीतरी काळी वस्तू. पुनर्जन्म आहे, पण उतरत्या भाजणीने. म्हणजे आपण पिशवी धुऊन दिली की जग वाचलं, असं समजून चहा प्यायला बसण्याची सोय नाही. पण दिलीच नाही, तर ती कुठे जाते हे मला चांगलं ठाऊक आहे. माझा भाऊ नाशिकच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी शेती करतो. पूर ओसरला की त्याच्या बांधावरच्या बाभळी पिशव्यांनी लगडतात. मग त्याचा फोन येतो.

"आक्का, तुमच्या नाशिकचा माल पोचला बरं का. पावती पाठवू?"

एका वर्षी त्याने अशी थट्टा केली नाही. त्याची गाय फुगून मेली होती. डॉक्टरांनी पोट उघडलं तर पिशव्यांचा गोळा निघाला, त्यात एक पिशवी घट्ट गाठ मारलेली, आणि आत निर्माल्य. कुणीतरी भक्तिभावाने देवाची फुलं प्लास्टिकमध्ये बांधून गोदेत सोडली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून निदान या एका विषयात मी खरं बोलत होते, असं मी समजत होते.

हिवाळ्यात सोसायटीत एक कंपनी आली. कंपनी म्हणजे जाकीट घातलेला एक तरुण आणि त्याच्या मोबाइलमधलं ॲप. आम्ही कचरा द्यायचा, ते आम्हाला गुण देणार, आणि 'हरित सोसायटी' असं प्रमाणपत्र चौकटीसकट देणार. चेअरमनांना चौकट म्हणताच भरून आलं. शेजारच्या सोसायटीत अशी चौकट लागून सहा महिने झाले होते, आणि हे शल्य त्यांना झोपू देत नव्हतं. अट एकच, सुका कचरा दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मीटिंगमध्ये हात वर करून निर्णय घ्यायचा ठरलं.

मावशीला हे वॉचमनकडून कळलं. मी भाजी घेऊन येत होते, तिने मला पार्किंगमध्ये गाठलं.

"ताई, माझ्या तीन सोसायट्या असल्याच कंपन्यांनी नेल्या. ही एवढी राहिली. ही गेली तर मला परत उकिरडा धरावा लागंल."

"असं कसं होईल?"

"तिथलं भिजलेलं, घाणीचं असतंय. गाळेवाले धड घेत नाय. आन्‌ सुया, काचा. मागं सुई टोचून हात एवढा सुजला, की महिनाभर घास पण लेकीनं भरवला. इथं तुम्ही हातात आणून देता, त्याला लय फरक हाय."

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले. "मी आहे ना."

हे तीन शब्द मी फार सहज वापरते. बँकेतही वापरत असे.

त्याच सुमारास मला एक मोहीम सुचली. नको असलेलं प्लास्टिक त्या रविवारी सकाळी सगळ्यांनी पार्किंगमध्ये आणून ठेवायचं. चार वाजता कंपनीचा माणूस ढिगाचे फोटो काढणार, ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, आणि मग मीटिंग. मोहिमेमागे माझा डाव असा, की एवढा ढीग मावशी दुपारपर्यंत कशी निवडते हे सगळ्यांना दिसावं. डाव उत्तम होता. फक्त संक्रांतीनंतरच्या नाशिकमध्ये प्लास्टिकचा ढीग म्हणजे काय, याचा विचार मी केला नव्हता.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू. तिळगूळ द्यायचा आणि वाण लुटायचं. पूर्वी बोरं, हरभरा, उसाचे करवे असत. आता डबे, झारे, साबणदाण्या, मोबाइल ठेवायचे स्टँड, आणि सगळं प्लास्टिकचं. घेताना प्रत्येकीने "अय्या, किती उपयोगी!" म्हणायचं आणि घरी जाऊन माळ्यावर टाकायचं, अशी पद्धत आहे. आदल्या वर्षी, म्हणजे मी पर्यावरणप्रमुख होण्याआधी, मीही वाण लुटलं होतं. रविवार कारंजावरून घाऊक आणलेल्या चाळीस पोपटी चाळण्या. आमच्यात भांड्यावर नाव घालायची पद्धत. प्लास्टिकवर घालता येत नाही, म्हणून मी खास लेबलं छापून घेतली. सौभाग्यवती अमुक यांजकडून, सप्रेम. चांगली चिवट, पाण्याने न जाणारी. पीठ चाळताना चाळीस घरांत रोज माझं नाव डोळ्यांपुढे येईल, असा माझा हिशेब होता.

रविवारी अकरा वाजता मी खाली उतरले तेव्हा जिन्यातच थांबले. पार्किंगच्या मधोमध, लख्ख उन्हात, माझ्या चाळण्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मी मोजल्या. एकतीस. कित्येकींवर दुकानातला पारदर्शक कागद तसाच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीची चाळणी मी ओळखली, कारण तिच्यावर मी स्वतः हळदीकुंकवाची बोटं लावून दिली होती. प्रत्येकीने आपापल्या पिशवीच्या तळाशी गुपचूप एक चाळणी घातली होती, आणि प्रत्येकीला वाटलं असणार की आपण एकटीच.

आणि मावशी त्या ओळीच्या टोकाशी बसून नखाने एकेक लेबल खरवडत होती. निघालेलं लेबल गुडघ्यावर चिकटवायची, पुढची चाळणी घ्यायची. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर माझं नाव झालं होतं. मला पाहून ती हसली.

"ताई, लय भारी माल निघाला बघा. एकाच साच्याचा, एकाच रंगाचा. असला शुद्ध माल कुठं मिळतोय?"

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. वर्षभर मी ओरडत होते की एका जातीचं प्लास्टिक एकत्र आलं पाहिजे, ते अखेर आलं होतं. जिन्याच्या आडोशाला उभी राहून मी सगळं पाहत राहिले. बायका येत होत्या, ओळीकडे बघत होत्या आणि न बघितल्यासारखं करून जात होत्या. कंपनीचा माणूस सांगितल्यापेक्षा बराच लवकर आला. त्याने चाळणी हातात घेऊन विचारलं, "यावर कसली लेबलं होती? दुकानाची?"

"मला कुठं वाचता येतंय साहेब," मावशी गुडघ्यांवर पदर ओढत म्हणाली.

चला, एवढी तरी अब्रू वाचली, असं मला वाटलं. तोवर तिच्या शेवटच्या चाळणीचं लेबल निघालं होतं. त्याने फोटो काढले. ग्रुपवर पडले तेव्हा मी मोठे करकरून पाहिले. कुठेही अक्षर नव्हतं. तरी माझा राग उतरला नाही. ज्यांनी माझं वाण फेकलं त्या एकतीस जणींवर रागवायची सोय नव्हती, रोज तोंडं बघायची होती. मग राहता राहिली मावशी. कशाला मांडायच्या ओळीने? पोत्यात भरून मोकळं व्हायला काय झालं होतं? वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते मी त्या दुपारी स्वतःवरून शिकले.

संध्याकाळी चेअरमनांनी विचारलं, "पर्यावरणप्रमुखांचं मत काय?"

मी उभी राहिले. मावशींची पद्धत शास्त्रशुद्ध नाही, म्हणाले. त्या पार्किंगमध्ये पसारा मांडतात, लोकांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतात, म्हणाले. बायकांनी पटापट माना डोलावल्या. त्यांनाही चाळण्यांचा विषय संपायला हवाच होता. पहिला हात मी वर केला, आणि माझ्यामागे सगळे. तीन मिनिटांत ठराव झाला, मग सामोसे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पोती न्यायला आली. मी खिडकीतून पाहिलं. तिने कोपरा झाडून घेतला, झाडू पंपाच्या खोलीला टेकवून ठेवला, आणि वर न बघता गेली. मी खाली गेले नाही.

कंपनीचं काम झकास चाललं. गणवेश घातलेली दोन माणसं यायची, पाण्याच्या बाटल्या न्यायची आणि बाकीचं आमच्या श्रेणीत बसत नाही म्हणायची. ते बाकीचं मग पूर्वीसारखंच घंटागाडीत जायचं, आता कुणीही न निवडता. माझ्या खात्यावर बरेच गुण साठले, त्यांवर मला बक्षीस म्हणून एक बाटली मिळाली. प्लास्टिकची. चौकट लॉबीत लागली. प्रमाणपत्राला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं आवरण आहे आणि खाली समन्वयक म्हणून माझं नाव आहे. ते मात्र कुणी फेकलेलं नाही.

दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायची सवय माझी सुटेना. दोन महिन्यांत गॅलरीत दोन मोठ्या थैल्या भरल्या. शेवटी रिक्षा केली आणि अंबडच्या त्या गाळ्यावर गेले. गाळेवाल्याने ओळखलं. मी इकडेतिकडे बघत विचारलं, "मावशी येतात का?"

"येत्यात कधीमधी. पण आता माल तसला नाय ऱ्हायला."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "त्या चाळण्यांचा माल चांगला होता ना? लेबलं काढायला फार कष्ट घेतले त्यांनी."

"लेबलं?" तो हसला. "लेबलं आम्ही कधीच काढून मागत नाय मॅडम. भरड केली, गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकला, की आपोआप सुटत्यात. मी तिला म्हणलं पण, कशाला नखं झिजवली? तर म्हणती, आमच्या एका ताईचं नाव होतं त्याच्यावर. फोटो काढायला माणूस येणार होता. भल्या बाईची शोभा व्हायची."

"पण त्यांना तर वाचता येत नाही."

"कुणाला? ही पोत्यांवरची अक्षरं कुणाची हायेत मग?"

मी पोत्यांकडे वळून पाहिलं. खडूची ती वळणदार अक्षरं माझ्यापेक्षा चांगली होती. चाळण्या ओळीने का मांडल्या होत्या तेही मग कळलं. एकही नजरचुकीने राहू नये म्हणून.

मावशी कुठे असते ते त्यानेच सांगितलं. पेठ रोडला, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. गाळ्यावर द्यायच्या पिशव्या मी तशाच उचलल्या आणि पुन्हा रिक्षात बसले. ती सापडली. सडक्या टोमॅटोच्या चिखलात वाकून काळ्या पिशव्या ओढून काढत होती. डाव्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं, आणि त्या फडक्यावर सुकलेल्या रक्ताचा डाग होता. मला पाहून तिने पदराने तोंड पुसलं.

"मावशी," मी म्हणाले, "त्या मीटिंगमध्ये पहिला हात माझा होता."

"माहीत हाय. वॉचमनभाऊनं त्याच दिशी सांगितलं."

"आणि ती लेबलं तुम्ही माझ्यासाठी काढलीत. मला आज कळलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पिशवी कुठल्या पोत्यात टाकायची ते ठरवताना बघायची, तसं.

"मग आता काय करू ताई? परत चिकटवू का?"

आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं देणारी बाई मी, तिथे माशांच्या घोंगावण्यात नुसती उभी राहिले आणि रडले. तिने माझ्या हातातल्या थैल्या घेतल्या. एक दुधाची पिशवी बाहेर काढली, उन्हात धरली आणि फडकं बांधलेल्या हाताने तिचा कोपरा चाचपला. चीर होती, कोपरा जागेवर होता.

"एवढं मात्र शिकलात," ती म्हणाली, आणि पिशवी पोत्यात टाकून पुन्हा वाकली.